प्रवासात मुलांसाठी कुठली कार सीट न्यावी? घडीची, हवेची, की घरचीच अवजड?

वाटसरू_२
मंडळी, घोडं एका जागी अडलंय. पुढच्या महिन्यात तीन आठवड्यांचा प्रवास आहे. आधी विमान, मग भाड्याची गाडी, मधे तीन-चार दिवस टॅक्सी आणि शेवटी भावाच्या गाडीतून भटकंती. सोबत दोन कार्टी. धाकटी अडीच वर्षांची, वजन १२ किलो, उंची ८९ सेंमी. थोरला सहाचा, १९ किलो, ११४ सेंमी.

घरच्या सीट दणकट आहेत, पण धाकटीची एकटी १३ किलोची. म्हणजे मुलीपेक्षा तिची खुर्ची जड! ती खांद्यावर, मुलगी कडेवर, आणि थोरला कुठे पळतोय ते बघायला तिसरा डोळा. म्हणून सुटसुटीत काहीतरी शोधतेय. आतापर्यंत दिसलेले प्रकार: घडी होणारी पट्ट्यांची सीट, जाकिटासारखं घालायचं व्हेस्ट, हवा भरून मुलाला उंच बसवायचा बूस्टर, आणि एक कापडी गादीवजा सीट, जी पाठीमागून गाडीच्या सीटला बांधायची. ही शेवटची इतकी हलकी आणि स्वस्त आहे की मी मोह न आवरून मागवूनही टाकली. आता शंका येतेय.

कुणी वापरलंय का यातलं काही? आणि टॅक्सीत तुम्ही काय करता, खरं खरं सांगा.

निळी_छत्री
रुमाल टाकून ठेवते. आमचाही प्रवास आहे.

काडेपेटी
>> खरं खरं सांगा
खरं सांगायचं तर टॅक्सीत मांडीवर. दहा मिनिटांचा रस्ता असतो हो. घट्ट धरून बसायचं. उगाच किती बाऊ करायचा? आम्ही लहानपणी मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून प्रवास केलाय.

गणितमास्तर
काडेपेटी, फळीवर झोपून जे वाचले ते आज इथे लिहितायत. जे वाचले नाहीत त्यांचा आयडी नाही.

राहिलं घट्ट धरण्याचं. आकडेमोड सोपी आहे. गाडी ताशी ५० किमी वेगाने चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडक होऊन ती दशांश सेकंदात थांबली, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४ पट. वाटसरूताईंची १२ किलोची मुलगी त्या क्षणी हातांना १७० किलोची लागेल. १७० किलो धरायची ताकद असेल तर जरूर धरा. आणि तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तुमचं सगळं वजन मागून तिच्यावर येणार. तुमच्याच पट्ट्यात तिलाही घेतलंत तर त्याहून वाईट, पट्टा आणि तुम्ही यांच्यामध्ये ती चेपणार.

काडेपेटी
बरं बाबा, कान पकडले. पण मास्तर, पहिली ओळ बोचली.

गणितमास्तर
बोचायलाच लिहिली होती. राग नसावा.

जुना_पिंपळ
मांडीचा वाद आजचा नाही. मुलांना गाडीत बांधलंच पाहिजे असा अमेरिकेतला पहिला कायदा टेनेसी राज्याचा, १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. त्यामागे डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ हात धुऊन लागले होते. कायदा झाला, पण त्यात पळवाट ठेवली गेली: मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर चालेल. सँडर्स त्या कलमाला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणायचे. ती काढून टाकायला १९८१ साल उजाडलं.

त्याआधीची गोष्ट आणखी गमतीची. मागे तोंड करून बसायच्या सीटची कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर कसा घेतात ते पाहून त्यांना ती सुचली. १९६४ मध्ये पहिला नमुना एका व्होल्वो कारमध्ये बसवून पाहिला. तेव्हा आपली पोरं बसतात ती अंतराळवीरांची खुर्ची समजा.

निळी_छत्री
हे आमच्या चिरंजीवांना सांगते. ‘सीटमध्ये बस’ म्हटलं की ताठ होतो, ‘रॉकेट सुटतंय’ म्हटलं तर बसेल कदाचित.

सुईदोरा
वाटसरू, आधी त्या कापडी सीटचं बोलू. ती उलटी करून लेबल शोधा. युरोपीय मानकाची सीट असेल तर नारिंगी लेबल असतं, त्यावर गोलात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी आकडा. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. खाली ‘आर ४४’ (जुनं मानक) किंवा ‘आर १२९’ (नवं). आर ४४ असेल तर मान्यता क्रमांकाची सुरुवात ०३ किंवा ०४ अशी हवी, ०१ आणि ०२ कधीच बाद झालेत. अमेरिकी सीटवर एफएमव्हीएसएस २१३ हे मानक पाळल्याचं छापलेलं असतं. दोन्हीपैकी काहीच नसेल तर ती सीट नाही, उशी आहे.

मी शिवणकाम करते म्हणून या गोष्टी हातात घेऊन पाहते. अशी एक कापडी सीट मैत्रिणीने आणली होती. खांद्याचा पट्टा नुसत्या अस्तराला शिवलेला, मागे आधाराची पट्टीच नाही, एक साधी शिवण आणि वर सुंदर पायपिंग. बकल दप्तराला असतं तसलं. मी दोन्ही हातांनी झटका दिला तर टाके करकरले. वर मास्तरांनी १७० किलो सांगितलेत, माझ्या हातात त्याचा चौथा हिस्साही जोर नसेल.

वाटसरू_२
आत्ता उठून पाहिलं. लेबल आहे, पण त्यावर फक्त ‘थंड पाण्यात धुवा’ आणि एक हसरं अस्वल.

काडेपेटी
अस्वलाचा मान्यता क्रमांक काय?

दोन_वाघ
जुळ्यांचा बाप आहे, भरपूर भटकतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

धाकटीसाठी: अडीच वर्षांच्या मुलीला बूस्टर नाही म्हणजे नाहीच. हवेचा नाही, घडीचा नाही. बूस्टर मुलाला बांधत नाही, तो फक्त उंच करतो. बांधतो तो गाडीचा पट्टा. त्यासाठी मुलाने पूर्ण प्रवासभर, झोपेतसुद्धा, सरळ बसावं लागतं. चार वर्षांच्या आत हे होत नाही, खरं तर पाच-सहापर्यंत डळमळीतच असतं. तिला पाच जागी धरणाऱ्या पट्ट्यांचीच सीट हवी: दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधून.

व्हेस्टचंही तेच. राइडसेफर नावाचं जे मिळतं त्याला निदान तीन वर्षं वय आणि साधारण १३.६ किलो वजन लागतं. तुमची दोन्हीत बसत नाही. शिवाय ते अमेरिकी मानकाचं आहे. युरोपीय मानक लागू असलेल्या देशात जात असाल तर तिथे ते कायद्यात बसत नाही. उलटही खरं. कुठे जाताय तिथलं मानक आधी पाहा, मग खरेदी.

मग उरते घडीची पट्ट्यांची सीट. वेब पिको ही त्यातली माहितीतली, साडेतीन-पावणेचार किलोची. ॲल्युमिनियमचा सांगाडा, मधोमध दुमडून पिशवीत जाते. पण तीही अमेरिकी मानकाची, आणि फक्त पुढे तोंड करून बसायची. किमान १० किलो वजन लागतं, आणि दोन वर्षं झाल्यावरच वापरा असं बनवणारेच सांगतात. तुमची बसते. दुसरा रस्ता म्हणजे घडी न होणारी पण हलकी, साधी प्लास्टिकची सीट. चार-पाच किलोची मिळते, मागे-पुढे दोन्हीकडे तोंड करून लावता येते. दिसायला गरीब, पण तिने तीच चाचणी पास केलेली असते जी तुमच्या १३ किलोच्या राजसिंहासनाने केलीय.

शेवंती_०७
>> मागे-पुढे दोन्हीकडे
यावर जोर देते. अडीच वर्षांची आहे म्हणून पुढे तोंड केलंच पाहिजे असं नाही. आर १२९ मध्ये १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला मुळात परवानगीच नाही, पण ती किमान मर्यादा झाली. सीटच्या वजन-उंचीत बसतंय तोवर मागेच तोंड असावं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं, आणि मानेच्या मणक्यांची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात. समोरून धडक झाली तर पुढे तोंड असलेल्याचं डोकं झटक्याने पुढे जातं, ओझं सगळं मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात.

आणि मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. सगळ्यांना माहीत असतं, पण भाड्याच्या गाडीत दमून पोचल्यावर विसरायला होतं.

दोन_वाघ
शेवंती, बरोबर. मी पिकोचं लिहिताना हे घाईत सोडलं. सीट वाहण्याची ताकद असेल तर मागे तोंड करता येणारी हलकी सीटच पहिली पसंती.

वाटसरू_२
ती मागे तोंड केलं की गाडी लागते म्हणून वर्षभरापूर्वी फिरवली. प्रत्येक वळणावर उलटी व्हायची.

शेवंती_०७
मग राहू दे. उलटीत कोंडलेल्या पोराबरोबर तीन आठवडे काढा असं मी कुणाला सांगणार नाही. पुढे तोंड केलंत तर सीटचा वरचा पट्टा नक्की अडकवा. सीटच्या डोक्याच्या मागून निघतो, त्याला कडी गाडीत सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या फरशीत असते. सामान बांधायची कडी तिथेच शेजारी असते, तिला अडकवू नका. या पट्ट्याने डोकं पुढे झेपावण्याचं अंतर खूप कमी होतं. आणि निम्मे लोक तो सीटखाली कोंबून ठेवतात. (निम्मे हा माझ्या ओळखीतल्यांचा हिशेब आहे, शास्त्रीय नाही.)

निळी_छत्री
भाड्याच्या गाडीबरोबर सीटही मिळते ना? ती का नको?

सुईदोरा
मिळते. आम्हाला मिळाली ती अशी: पुस्तिका नाही, खांद्याचे पट्टे तान्ह्या बाळाच्या खाचेत, एक पट्टा पीळ पडून दोरीसारखा झालेला, आणि बकलमध्ये आधीच्या पोराचा चिकट ऐवज. रात्री अकरा वाजता मोबाइलच्या उजेडात मी ती उसवून परत ओवली. शिवाय ती सीट आधी अपघातात सापडली होती का हे कोण सांगणार? अपघातातली सीट पुन्हा वापरायची नसते. बाहेरून धड दिसते, आत तडा असू शकतो. प्लास्टिकलाही वय असतं. खालच्या बाजूला बनवल्याची तारीख कोरलेली असते, बऱ्याच सीटवर मुदतही. साधारण ६ ते १० वर्षं.

चष्मेबद्दूर
विमानाचं कुणी बोललं नाही. सीट सामानात टाकलीत तर तिला आपटूनच पोचवतात. माझ्या सीटचं डोक्याकडचं थर्मोकोल दोन तुकडे होऊन आलं होतं, कव्हरमुळे दोन दिवस कळलंच नाही. मुलीसाठी तिकीट आहेच, तेव्हा शक्य असेल तर सीट आत घेऊन जा आणि तीत बसवा. अमेरिकी सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की गाडी आणि विमान दोन्हींसाठी चालते. रुंदी मोजून घ्या, विमानातली साधी सीट ४३ ते ४५ सेंमीच असते. खिडकीकडे लावायची, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही.

बूस्टर विमानात बसल्यावर वापरता येत नाही, कारण तिथे खांद्याचा पट्टाच नाही. केअर्स नावाचा एक विमानातला पट्टा मिळतो, १० ते २० किलो आणि एक मीटर उंचीपर्यंतच्या मुलांसाठी. सीटच्या पाठीला गुंडाळायचा. वजन अगदीच नगण्य. पण तो फक्त विमानासाठी आहे, गाडीत अजिबात नाही! तो टॅक्सीत बांधून बसलेलं कुटुंब मी पाहिलंय.

काडेपेटी
म्हणजे विमानाचा पट्टा गाडीत नाही, गाडीचा बूस्टर विमानात नाही, अमेरिकेचं युरोपात नाही. लग्नं जुळवणं सोपं दिसतंय.

जुना_पिंपळ
निदान इथे पत्रिका सीटखाली छापलेली असते.

रात्रपाळी
थोरल्याबद्दल कुणी नीट लिहिलंच नाही, म्हणून लिहितो. सहा वर्षं, १९ किलो, ११४ सेंमी. शांत बसत असेल तर बूस्टर चालेल, पण पाठ असलेला घ्या. घडी होणारे पाठवाले बूस्टर मिळतात. आर १२९ मध्ये पाठ नसलेला बूस्टर १२५ सेंमीच्या वरच्या मुलांसाठीच आहे. हवेचे आणि तळहातात मावणारे घडीचे बूस्टर जुन्या आर ४४ खाली मान्य झालेले असतात, त्यावर वजन १५ ते ३६ किलो लिहिलेलं दिसेल. नियमात बसेलही, पण झोपल्यावर डोकं कुठे टेकणार?

पट्टा कसा बसतोय ते बघायचं. कमरेचा भाग मांड्यांच्या मुळाशी, हाडावर टेकलेला. पोटावर असेल तर धडकेत मूल खालून सरकतं आणि पट्टा आतड्यांत रुततो. खांद्याचा भाग खांद्याच्या मध्यावर. मानेला घासतो म्हणून काखेखालून घ्यायची मुलांना खोड असते, ती मोडा. आणि नुसता कमरेचा पट्टा असेल त्या जागेवर बूस्टर लावायचाच नाही, कुठलाच. जुन्या टॅक्सीत मधली जागा हमखास तशी असते.

वाटसरू_२
मग टॅक्सीत मधल्या जागेवर धाकटीची सीट चालेल?

दोन_वाघ
पट्ट्यांची सीट पुष्कळदा नुसत्या कमरेच्या पट्ट्यावरही लागते, कारण मुलाला धरतात ते सीटचे स्वतःचे पट्टे. पण पुस्तिकेत तसं लिहिलेलं असलं तरच.

आता खरी मेख. गाडीचा तिरका पट्टा नेहमी सैल फिरतो, झटका बसला तरच अडकतो. सीट घट्ट ठेवायला तो अडकलेला हवा. काही गाड्यांत पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला की परत जाताना ‘कट कट कट’ वाजतो आणि मग बाहेर येत नाही. तो आवाज आला की काम झालं. पुष्कळ गाड्यांत ही सोय नसते. मग सीटवरच पट्टा चिमटून धरणारी खिट्टी हवी, नाहीतर वेगळी लोखंडी क्लिप. सीट घेतानाच हे तपासा, टॅक्सी दारात उभी असताना नाही.

लावताना सीटमध्ये गुडघा रोवायचा, अंगाचा भार टाकायचा आणि पट्टा ओढायचा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवायची. अडीच सेंमीपेक्षा जास्त सरकली तर पहिल्यापासून. वरचा भाग थोडा डुलतो, त्याने घाबरू नका.

शेवंती_०७
आणि मुलाचे पट्टे: खांद्यावर पट्ट्याची चिमटीत घडी येत असेल तर सैल आहे. पुढे तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून, मागे तोंड असेल तर रेषेत किंवा किंचित खालून. जाड जॅकेट काढून बांधायचं, मग वरून पांघरायचं. जॅकेटची हवा धडकेत दबते आणि पट्टा बोटभर सैल पडतो.

रात्रपाळी
घरी सराव करा. मी दोरीच्या उड्या मोजतात तसं मोजलं होतं. पहिल्यांदा २२ मिनिटं आणि दोन शिव्या. पाचव्यांदा चार मिनिटं, शून्य शिव्या.

काडेपेटी
शून्य शिव्यांवर विश्वास नाही.

निळी_छत्री
मी लिहून घेतलं सगळं. एक विचारू? आमच्याकडे तान्हंही आहे, तीन महिन्यांचं. कार सीटमध्येच झोपतं, तर मुक्कामी पाळण्याऐवजी तीच वापरली तर?

शेवंती_०७
नको गं. गाडीत सीट ठरावीक कोनात असते, जमिनीवर तो कोन बदलतो. हनुवटी छातीवर पडली की श्वासाची वाट दबते. पोचल्यावर सपाट जागेवर झोपव. लांबच्या प्रवासातही अधूनमधून थांबून बाहेर काढ. दोन तासांच्या वर सलग नकोच, तीन महिन्यांच्या बाळाला तर बरंच आधी.

वाटसरू_२ (सात आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. परत आलो, सगळे धड. कबूल केल्याप्रमाणे अहवाल.

धाकटीसाठी घडीची पट्ट्यांची सीट घेतली, जिथे जायचं तिथलं मानक पाहूनच. विमानात तीतच बसली, आणि पायाने पुढच्या माणसाच्या पाठीचं पार लोणचं केलं. तो भला होता. भाड्याच्या गाडीत ‘कट कट’ आवाज आला तेव्हा मी इतक्या जोरात ‘आला!’ ओरडले की नवरा दचकून डिकीवर आपटला. टॅक्सीत पहिल्या दिवशी चालक घड्याळ बघत उभा होता. मी गुडघा रोवून ओढत होते, घाम फुटला, पण सहा मिनिटांत झालं. तिसऱ्या दिवशी त्यानेच वरच्या पट्ट्याची कडी शोधून दिली. एका संध्याकाळी मात्र आलेल्या गाडीत मागे पट्टेच सीटखाली गेलेले. ती परत पाठवली, पाऊण तास पावसात थांबलो. दोघं भुकेली, मी रडकुंडीला. त्या वेळी काडेपेटीची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

थोरल्याचा पाठवाला बूस्टर बरा निघाला, पण पिशवीचा बंद पहिल्याच दिवशी तुटला. आणि रात्रपाळी म्हणाले ते खरं: झोपला की पाठ असूनही तो पुढे ओघळतो. तासाभराने सरळ करावाच लागतो.

अस्वलवाली कापडी सीट बाहुलीला दिलीय. परवा धाकटी तिचा पट्टा चिमटीत धरून म्हणाली, “सैल आहे.”

काडेपेटी
पाऊण तास पावसात माझी आठवण! पोचलो. बाय द वे, भाचा येतोय म्हणून एक सीट आणलीय. लेबल बघून आणली. वरचा पट्टा कुठल्या कडीला लावायचा ते अजून कळलेलं नाही. दोन कड्या आहेत.

शेवंती_०७
फोटो टाक.